झाकलेले दिवस

‘आता झाकून ठेवलाय गो त्याला, राब पेटलेत ना सगळीकडं,’ आबा फोनवर सहज बोलून गेला, आणि मी हातातला दुधी परत ढिगावर ठेवला. भाजीवाल्याला वाटलं, मला माल पसंत नाही. ‘ताई, कोवळा आहे, नख लावून बघा,’ तो म्हणाला. मी नख लावून बघितलंसुद्धा. खरंच कोवळा होता. पुण्यातली गुरुवारची संध्याकाळ, सोसायटीच्या फाटकासमोरची हातगाडी, मागे कुणीतरी स्कूटरचा हॉर्न दाबून धरलेला, आणि कानाला लावलेल्या फोनमध्ये तिकडे डोळखांबजवळच्या आमच्या पाड्यावर माझा बाप खोकत होता. मी विचारलं, ‘कुणाला झाकलंयस?’ तर म्हणाला, ‘तुज्या बगळ्याला. आनखी कोनाला?’ मग शेजारच्या कोंडूकाकाच्या गाईबद्दल काहीतरी सांगत राहिला. मी हं हं म्हणत होते. ती गाय व्याली की मेली, हे आजही मला धड सांगता येणार नाही.

बगळा म्हणजे आमच्या घराच्या गच्चीवर अकरा वर्षं उभं असलेलं यंत्र. एका दांडीवर उभं, वर नळीसारखी मान, आणि ती मान दिवसभर सूर्याकडे वळत राहते. म्हणून पाड्यावर सगळे त्याला बगळा म्हणतात. सूर्याचा प्रकाश वरून खाली येईपर्यंत वाटेत किती अडला, ते तो मोजतो. त्यावरून मधल्या हवेत धूळधूर किती आहे ते कळतं. हेच काम वरून उपग्रह करतो, गेली वीस-बावीस वर्षं, रोज दुपारी दीडच्या सुमारास आमच्या डोक्यावरून जाताना. पण उपग्रहाची नजर सातशे किलोमीटरवरची. उन्हाळ्यात आमच्याकडची उघडी जमीन आणि वाळलेलं गवत इतकं चमकतं, की ती चमक धुराची की जमिनीची हे त्याला नक्की सांगता येत नाही. म्हणून खाली एक साक्षीदार लागतो. तो साक्षीदार आमचा बगळा. उपग्रहाचं म्हणणं आणि बगळ्याचं म्हणणं शेजारी शेजारी ठेवायचं आणि उपग्रह कुठे फसला ते शोधायचं, ही माझी नोकरी. आणि मी शोधलं. दर उन्हाळ्यात उपग्रह सांगायचा, मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यावर धुरकं वाढतंय, वर्षागणिक वाढतंय. बगळा सांगायचा, छे, होतं तेवढंच आहे. मी बगळ्यावर विश्वास ठेवला. उपग्रहाच्या आकड्यांतून किती वजा करायचं त्याचं सूत्र बसवलं, त्यावर निबंध छापून आला, आणि संस्थेत आता सगळे त्या सूत्राला ‘स्नेहलची वजाबाकी’ म्हणतात. सोमवारी वीस वर्षांच्या हवेचा मोठा अहवाल जायचा होता. त्यात सह्याद्रीच्या अख्ख्या पश्चिम उतारावर माझी वजाबाकी लावलेली होती. आणि आबा म्हणतो, झाकून ठेवलाय.

मी त्याला परत फोन केला नाही. विचारायला एक शब्द पुरला असता: कधीपासून? तो एक शब्द माझ्या तोंडातून निघेना. मी दुधी न घेताच घरी आले, कुकर लावला, शिट्ट्या मोजायला विसरले, आणि स्वतःशी वकिली सुरू केली. ह्याच वर्षी झाकला असेल. एखाददुसरा दिवस झाकला असेल. म्हातारा माणूस, बोलायला काय, दोनदा केलेलं नेहमी करतो म्हणून सांगतात. वकिली मला चांगली जमते, पण माझा अशील मला चांगला ठाऊक होता, त्यामुळे खटला काही उभा राहीना.

कारण आमच्या घरात झाकणं हा धर्म आहे. आबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होता. शाळेत आलेली प्रत्येक मोलाची वस्तू त्याने झाकून जपली. पृथ्वीच्या गोलाला त्याने पिशवी शिवून घेतली होती. भूगोल शिकवायचा असला की गुरुजी आधी आबाला हाक मारायचे, मग आबा हात धुऊन यायचा, पिशवी काढायचा, आणि तास संपेपर्यंत दाराशी उभा राहून कोण बोट लावतंय ते बघायचा. मला तर जास्तच डोळे वटारायचा, पोरीला सूट दिली असं कुणी म्हणू नये म्हणून. हार्मोनियमला दोन खोळी. घरी टीव्ही आला तेव्हा त्याला आईने विणलेला पडदा. रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे; पिशवी इतकी घासली गेली आहे की आतले आकडे दिसत नाहीत, पण रिमोट मात्र नवाकोरा. मी ह्याच घरात वाढले. आणि तरी अकरा वर्षांपूर्वी संस्था जागा शोधत होती तेव्हा मीच पुढे होऊन म्हणाले, आमच्या गच्चीवर ठेवा, माझे वडील डोळ्यांत तेल घालून सांभाळतील. शेखरसर, म्हणजे माझे वरिष्ठ, खूश झाले. यंत्र बसवायला आलेल्या लोकांनी आबाला कागद दिला: रोज सकाळी काच मऊ कापडाने पुसावी, पक्षी बसू देऊ नयेत, यंत्र हलवू नये. झाकू नये, असं कागदावर नव्हतं. कोण लिहील? सूर्य बघणाऱ्या यंत्राला झाकू नका, हे काय सांगायला लागतं? लागतं. आमच्याकडे लागतं. आणि हे आमच्या बारा जणांच्या पथकात फक्त मला माहीत असायला हवं होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसात कळवलं की आईला बरं नाही, आणि माळशेजवरून जाणारी कल्याणची एसटी धरली. आईला बरं नाही हे अगदीच खोटं नव्हतं. आईला दर उन्हाळ्यात बरं नसतं. होळी झाली की तिचं सुरू होतं: ‘छातीवर कोन बसल्यावानी व्हतं गो बाय. दोन हंडे उचलले का दम लागतो.’ डॉक्टरने औषधं दिली, मी पुण्याहून आणखी दिली. मग एकदा मी तिला फोनवर जे सांगितलं होतं ते मला एसटीत, ओतूरच्या पुढे, खिडकीला डोकं टेकलेलं असताना आठवलं, आणि मी ताठ बसले. मी म्हणाले होते, ‘आई, तुझ्या डोक्यावर यंत्र बसवलंय. तुझ्या हवेत काही नाही. हवा चांगली आहे. तू दुपारी तिखट खातेस, ते पित्त आहे.’ पुराव्यानिशी म्हणाले होते. आईने नंतर तिखट सोडलं. दोन वर्षं ती आमटीत मिरची घालत नाही, आबाला वेगळा ठेचा करून देते. मला हे माहीत होतं आणि मला त्याचं बरं वाटत होतं, की चला, आईने ऐकलं.

घाटात धुकं नव्हतं, मे महिन्यात कुठलं धुकं. पण घाट उतरल्यावर खाली जे पसरलं होतं ते काय होतं? ह्या रस्त्याने मी आजवर किमान पन्नास वेळा गेले असेन, पण हा प्रश्न स्वतःला कधी विचारला नाही. टोकावडं मागे पडलं. लहानपणी आबाबरोबर मुरबाडच्या म्हसेच्या जत्रेला यायचे तेव्हा ह्या बाजूला आबा बोट करून दाखवायचा, तो बघ सिद्धगड, ती बघ माची. जत्रा पौषातली, तेव्हाची हवा वेगळी, हे मला कळतं. तरी मी डाव्या खिडकीत सरकून डोंगर शोधत बसले. डोंगराच्या जागी पिवळट करडं काहीतरी होतं, गाळलेल्या चहाच्या फडक्याच्या रंगाचं. शेजारची बाई म्हणाली, ‘काय हरवलं का ताई?’ मी म्हटलं, ‘नाही, सिद्धगड बघत होते.’ ती म्हणाली, ‘आता कुठला दिसतो? पाऊस पडला का दिसंल.’ तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती मोबाईलवर नातवाचे फोटो बघत बसली. माझ्या वजाबाकीनुसार तो गड दिसायला हवा होता, अगदी स्पष्ट नव्हे तरी पुसट दिसायला हवा होता. ह्या बाईला जे माहीत होतं ते माझ्या निबंधाला माहीत नव्हतं.

मग मी मनात आमच्या तक्त्यातली रिकामी घरं मोजायला लागले. आमच्या प्रोग्रॅमची रीत साधी आहे. बगळ्याने सूर्य शोधला आणि सूर्य सापडला नाही, की तो तिथे ‘ढग’ असं लिहितो आणि तो तास गाळतो. पावसाळ्यात तर महिनेच्या महिने गळतात, त्यात चूक काही नाही. पण उन्हाळ्यातही आमच्या डोळखांबच्या तक्त्यात दुपारची घरं रिकामी असायची. पहिल्या वर्षी थोडी, मग जास्त, मग आणखी जास्त. मला ते दिसत होतं. न दिसायला काय झालं, तो तक्ता मी स्वतः रंगवला होता, रिकाम्या घरांना फिका निळा रंग दिला होता. एवढंच नव्हे, त्या निबंधात माझं एक वाक्य आहे, शेखरसरांना फार आवडलेलं, की ह्या भागात उन्हाळी ढगाळपणा वाढत असल्याचे संकेत मिळतात. संकेत! मला एसटीत बसल्या जागी कानशिलं तापल्याचं कळलं. अख्ख्या जगात आजवर कुणी ढगाला कापड समजलं असेल, मी कापडाला ढग समजले होते आणि वर त्याचा शोध लावला होता.

सरळगावला उतरले तेवढ्यात शेखरसरांचाच फोन. ‘आई कशा आहेत? बरं, स्नेहल, चौथ्या आकृतीत तुमचा पट्टा जरा ठळक करू या का? सगळीकडे लाल होत चाललंय आणि मधोमध तुमचा हिरवा तुकडा. लोक विचारतील, तयारीत राहा.’ मी म्हटलं, ‘हो सर.’ तिथे सांगता आलं असतं. रस्त्याच्या कडेला उभी होते, टमटमवाला किन्हवली, शेणवे करून ओरडत होता, समोर हिरव्या जाळीखाली कलिंगडं रचलेली होती. मी नुसतं ‘हो सर’ म्हटलं आणि टमटममध्ये चढले. स्वतःच्या भित्रेपणाचा मला असा राग आला की शेणव्यापर्यंत मी टमटमवाल्याशी उगाच भांडत होते, हळू चालव म्हणून. तो बिचारा हळूच चालवत होता.

घरी पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. पाड्याच्या खालच्या अंगाला कोंडूकाकाचा राब पेटलेला होता. भाताचं रोप करायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळकं गवत थरांनी पसरायचं, वर माती भुरभुरायची आणि ते धुमसत ठेवायचं, हा आमच्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा राब. त्याला मी नावं ठेवणार नाही. त्या भातावर मी वाढले. पण पूर्वी हा धूर वर जायचा, डोंगराला लागून विरायचा. आज तो सपाट पसरला होता, जसं वर कुणी झाकण ठेवलंय. आई ओटीवर तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, हरखली, मग घाबरली. ‘काय गो, अचानक? बरी हायस ना?’ मी तिच्या पाया पडले आणि चप्पल न काढताच गच्चीवर गेले.

बगळा तिथे उभा होता. त्याच्या मानेभोवती आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा चौपदरी तुकडा, खाली सुतळीची गाठ, आणि गाठीला वाऱ्याने उडू नये म्हणून दगड. आतून घरघर येत होती. यंत्र चालू होतं. कापडाच्या आत मान हळूहळू फिरत होती, सूर्य शोधत होती. आबा मागून जिना चढून आला, बंडी आणि गुडघ्यापर्यंत धोतर, हातात काच पुसायचं पिवळं फडकं. त्याचा चेहरा अभिमानाने फुललेला होता. साहेब तपासणीला आले की शाळेत तो असाच उभा राहायचा.

‘आबा, कधीपासनं झाकतोस तू ह्याला?’

‘पयल्यापासनं.’

‘पहिल्यापासून म्हणजे?’

‘म्हनजे तुमच्या लोकांनी बशिवला, त्याच्या दुसऱ्या म्हयन्यात राब सुरू झाले, तवापासनं. राबाचा धूर चिकट असतो गो. कौलं काळी पडतात, मग काचेचं काय व्हनार? तुमी पुन्याची मानसं, तुमाला काय ठावं. मी आपला दुपारच्याला झाकतो, दिवेलागनीला काडतो, पुसतो, परत मोकळा करतो. रातीला बी नीट असतो.’

मला हसू आलं की रडू, कळेना. मी शेवटची आशा म्हणून विचारलं, ‘राब काय, आठ-दहा दिवसांचा. तेवढेच दिवस ना?’

‘राबाचंच काय घेऊन बसलीस? हवा मातट झाली का झाकायचा. समोरचा डोंगर दिसंना झाला का झाकायचा, असा माजा नेम हाय. पयल्या वर्सी चार दिस झाकला व्हता. आता बघ, सगळे दिस मिळून सव्वा म्हयना झाकाय लागतो. होळीपासनं सुरू करतो मी.’

मी गच्चीच्या कठड्यावर बसले. पयल्या वर्सी चार दिस, आता सव्वा म्हयना. बारा माणसं, एक उपग्रह, अकरा वर्षं, खंडीभर आकडे, आणि जे आम्हाला सापडलं नाही ते ह्या माणसाने लुगड्याच्या तुकड्याने मोजून ठेवलं होतं. हवा जितकी वाईट होत गेली तितका तो जास्त झाकत गेला, आणि बगळ्याला आम्ही फक्त चांगले दिवस दाखवले. चांगल्या दिवसांच्या साक्षीवर मी उपग्रहाला खोटं पाडलं. तो बापडा वरून रोज दीड वाजता खरं तेच सांगून जात होता.

‘काय झालं? बिगाडला काय?’ आबाचा आवाज एकदम उतरला.

मी उठले, दगड काढला, सुतळी सोडली, कापड ओढलं. ‘अगो, काय करतेस? धूर हाय!’ आबाने माझं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत त्याने मला असं धरलं नव्हतं. मी म्हटलं, ‘राहू दे आबा. आज राहू दे.’ बगळ्याने मान वळवली, थोडी मागे घेतली, पुन्हा पुढे केली, आणि थांबला. खालच्या डबीवरचा धूळधुराचा आकडा हलला. मेच्या दुपारी तिथे साधारण चार दशांश असतो. माझ्या निबंधात तोच छापलाय. आता तिथे नऊ दशांशाच्या वर होता आणि चढत होता. दीड वाजेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो, तो काचेची काळजी करत आणि मी माझी. आई जेवायला बोलवायला आली ती जिन्याच्या पाचव्या पायरीवरच थांबली. खांबाला धरून श्वास घेत होती. वर यायचा तिचा बेत तिने तिथेच सोडून दिला आणि खालूनच म्हणाली, ‘भात निवतोय.’

मी खाली जाऊन तिच्याजवळ उभी राहिले. ‘आई, ते पित्त नव्हतं,’ मी म्हटलं. ‘हवाच वाईट होती. मी चुकीचं सांगितलं तुला.’ तिने पदराने तोंड पुसलं. ‘मला ठावं व्हतं,’ म्हणाली. ‘पन तू इतकी शिकलेली, म्हनलं हिचंच बरोबर असंल.’ मला तिच्यासमोर मान वर करता येईना. ती मला एक शब्द बोलली असती तरी बरं झालं असतं. ती भात वाढायला आत गेली.

जेवण झाल्यावर ओटीवर लॅपटॉप घेऊन बसले आणि शेखरसरांना फोन लावला. ह्या वेळी सांगितलं, सगळं, एका दमात, नाहीतर पुन्हा ‘हो सर’ म्हणाले असते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘सोमवारी अहवाल आहे.’ मी म्हटलं, ‘माहीत आहे. माझी वजाबाकी काढून टाका. निबंध मागे घ्यायचं पत्र मी आजच लिहिते.’ सर वाईट माणूस नाहीत. ते हळूच म्हणाले, ‘स्नेहल, कारण काय लिहिणार? यंत्रात बिघाड होता, एवढं लिहा. पुरेल. वडलांचं नाव कशाला त्यात? आणि तुमचंही थोडं सावरलं जाईल.’ खरं सांगते, मला हायसं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बिघाड झाला म्हटलं की कुणी विचारत नाही, यंत्रं बिघडतातच. माझी खुर्ची डळमळेल, पण पडायची नाही. आबाचं नाव निबंधाच्या शेवटी आभारात आहे, ‘निरीक्षक महिपत वेखंडे’, ते पान त्याने काचेत लावून भिंतीला टांगलंय, ते तसंच राहील.

मी इंग्रजीत लिहायला बसले. आबा शेजारी येऊन टेकला. ‘काय लिवतेस?’ मी त्याला मराठीत सांगितलं, की डोळखांबच्या यंत्रात बिघाड असल्यामुळे आमचे निष्कर्ष चुकीचे ठरतात.

‘बिगाड?’ आबा सरळ झाला. ‘कोनाच्या यंत्रात बिगाड? अकरा वर्सांत एक दिस बंद पडला नाय माजा बगळा. तुज्या मानसानं सांगितलं व्हतं मागच्या खेपेला, बाकीची दोन-दोनदा बदलली, ह्योच पयला हाय अजून. आनि तू लिवतेस बिगाड?’

मग मला त्याला सगळं सांगावं लागलं. सूर्य, कापड, रिकामी घरं, वजाबाकी. तो ऐकत होता. मधे एकदा फडक्याने कपाळ पुसलं. भिंतीवरच्या काचेतल्या पानाकडे त्याने बघितलं, मग बघायचं टाळलं. ‘म्हनजे माज्यापायी तुजं काम बुडालं,’ तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, की असं बोलू नकोस. मी घाईघाईने बिघाड खोडलं आणि लिहिलं, की निरीक्षकाने यंत्राला धूर लागू नये म्हणून ते चुकून झाकून ठेवलं. तेही त्याला वाचून दाखवलं.

‘चुकून कशापायी?’ तो म्हणाला. ‘जानून झाकला मी. जपाय झाकला. चुकून झाकाय मी काय येडा हाय? तसं लिव. महिपतनं झाकला, आनि यंत्र अकरा वर्सं बिगाडलं नाय, दोनी लिव.’

मी ‘चुकून’ खोडलं. दोन्ही लिहिलं. पत्र खरं झालं असं मला वाटलं, आणि पाठवायला बोट नेलं, तोवर आबा स्वतःशीच काहीतरी विचार करत होता. त्याच्या मनात राग नव्हता, नुसतं नवल होतं. ‘पन बाय,’ तो म्हणाला, ‘एवडं मोटं ऑफिस तुमचं. रोज दुपारच्याला तिकडं अंधार दिसत असंल की. मला कोनी कसं नाय विचारलं?’

‘आम्हाला वाटलं, ढग आले असतील.’

‘ढग?’ आबा हसायला लागला. ‘चैतात? दुपारच्याला? आपल्याकडं? आई गो! आयकलंस का गो गिरजे, पुन्याच्या लोकांना चैतात ढग दिसतात!’ आतून आईही हसली, मग खोकली. आबा मांडीवर थाप मारून हसत होता. इतक्या वेळचा अवघडलेला माणूस, त्याला हसायला काहीतरी हवंच होतं.

मला हसता येईना. बगळा बसवल्याच्या पाचव्या वर्षी, अक्षयतृतीयेला मी इथे होते, ह्याच ओटीवर. दुपारी आंघोळ करून केस वाळवत पायरीवर बसले होते, वर गच्चीवर गेले नव्हते, आणि डोक्यावर ढगाचा बोळाही नव्हता. मातट, पांढरंफटक ऊन होतं, डोळे दुखवणारं. आठ दिवसांनी पुण्यात तक्ता उघडला तर त्या दिवशीच्या, त्या दुपारच्या घरात लिहिलेलं होतं: ढग. मी त्या घराकडे बघत बसले होते. किती वेळ ते आठवत नाही, पण चहा गार झाला होता. निबंध तेव्हा नुकताच छापायला गेला होता. आबाला फोन करायला दोन मिनिटं लागली असती. मी ते घर फिकं निळं रंगवलं आणि खालच्या ओळीवर गेले. विसरले असते तर गोष्ट वेगळी. मी विसरले नव्हते. दर उन्हाळ्यात त्या ओळीपाशी आले की मी जरा भरभर जायचे, एवढंच.

मी पत्र पुन्हा उघडलं. आबाच्या दोन वाक्यांखाली एक वाक्य लिहिलं. आमच्या भाषेत ते सोपं आहे, इंग्रजीत मला तीनदा खोडावं लागलं. मग पाठवलं. शेखरसरांना, मासिकाच्या संपादकांना, अहवालाच्या सगळ्या पथकाला.

‘आता काय येवडं लिवत व्हतीस?’ आबाने डोळे पुसत विचारलं. त्याचं हसू अजून सरलं नव्हतं. ‘वाच की.’

मी वाचून दाखवलं: ‘ते ढग नव्हते, हे मला सहा वर्षांपूर्वीच कळलं होतं.’

आबा हसायचा थांबला.